रिकामे महिने : कोरडवाहू जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष, मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती,
मराठवाडा व विदर्भातील कोरडवाहू जिल्हे.

विषय : छोट्या शेतीच्या आधाराने गावात वर्षभर काम उभे करण्याबाबत.

महोदय,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोयाबीन कापायला माणूस मिळत नाही. उक्त्याचा (ठोक ठरवून दिलेल्या कामाचा) भाव रोज वाढतो, आणि आभाळ भरून आले की शेतकरी मजुरांच्या टोळीच्या मागे फिरतो. त्याच गावात, तीच माणसे, फेब्रुवारीत पारावर बसलेली असतात किंवा उसाच्या फडात गेलेली असतात. "मजूर मिळत नाही" आणि "काम मिळत नाही" या दोन्ही तक्रारी आपल्या बैठकीत येतात, पण वेगवेगळ्या महिन्यांत येतात, म्हणून त्यांवर वेगवेगळे उपाय निघतात. पहिल्या तक्रारीवर हार्वेस्टरला अनुदान, दुसरीवर रस्त्याचे मातीकाम. रोग एकच आहे. काम तीन-चार महिन्यांत दाटून बसले आहे आणि उरलेले महिने रिकामे आहेत. आराखड्यात रोजगार वर्षाच्या बेरजेत लिहिला जात असल्याने हा रिकामा भाग कागदावर दिसतच नाही.

राज्यातील सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टरवर आली. या आकड्यावरून "एवढ्याशा जमिनीत काय होणार" असा निष्कर्ष काढायची सवय झाली आहे. आम्ही तो मान्य करत नाही. जमीन किती यापेक्षा तिच्यावर काय उभे आहे, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरते आणि पिकावर पुढची प्रक्रिया कुठे होते, यावर कामाचे दिवस ठरतात.

हिशेब मांडूनच दाखवतो. एक हेक्टर सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक धरा. पेरणीला ट्रॅक्टर असला तरी माणसांचे तीन दिवस जातात. कोळपणीला चार, दोन खुरपण्यांना तीस ते पस्तीस, तीन फवारण्यांना चार, सोयाबीनच्या कापणीला बारा ते पंधरा, मळणीला पाच, आणि तुरीची कापणी-बडवणी धरून आणखी बारा ते पंधरा. ढोबळ बेरीज सत्तर ते ऐंशी मनुष्यदिवस. वीस दिवसांच्या पिकात तणनाशक मारले की खुरपणीचे वीस-पंचवीस दिवस कमी होतात, म्हणजे पन्नास-पंचावन्न उरतात. घरात काम करणारी दोन माणसे असली आणि प्रत्येकाला वर्षात २८० दिवस काम हवे असले, तर ५६० दिवसांची गरज आणि शेताकडून पन्नास-पंचावन्न. यातले निम्म्याहून अधिक जुलै आणि ऑक्टोबरमध्ये. तणनाशक मारणाऱ्याला आम्ही बोल लावत नाही. पावसाची झड पंधरा दिवस लागली तर शेतात वाफसा येत नाही, खुरपणी होत नाही आणि तण पिकाच्या वर जाते. पण जे दिवस गेले ते बहुतेक बायकांच्या हातचे होते, आणि त्यांच्या बदल्यात दुसरे काही उभे राहिलेले नाही.

सार्वजनिक पैशातून मजुरी देऊन खाजगी छोट्या शेतावर काम उभे करता येते, हे या राज्याला नव्याने शिकवायची गरज नाही. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला. १९९० मध्ये तिला फळबाग लागवड जोडली गेली. खड्डे, लागवड, निगा यांची मजुरी योजनेतून, आणि बाग शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर. रस्त्याच्या खडीचे काम खडी पसरली की संपते. बागेत छाटणी, बहार, तोडणी हे काम दरवर्षी परत येते. हा फरक आपल्या कार्यालयांना तेव्हा कळला होता. पुढे योजनांची नावे आणि कायदे बदलले, पण आराखडा करताना हा प्रश्न विचारायचे राहून जाते : या कामावर आज मजुरी दिली, तर पाच वर्षांनी त्याच जागी कोणत्या महिन्यात किती माणसांना काम असेल?

या प्रश्नाला सर्वात चांगले उत्तर देणारे उदाहरण तुतीचे, म्हणजे तिच्या पाल्यावर रेशीम अळ्या वाढवण्याचे आहे. एक एकर ओलिताची तुती चांगली जमली की एका वेळी २०० अंडीपुंजांची (एका मादीने घातलेली अंडी म्हणजे एक अंडीपुंज) बॅच घेता येते, वर्षाला पाच बॅचेस. शंभर अंडीपुंजांतून साधारण चाळीस ते पन्नास हजार अळ्या निघतात. चॉकी केंद्रातून, म्हणजे लहान अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रातून, दुसऱ्या कातीपर्यंत वाढवलेल्या अळ्या आणल्या, तर शेतकऱ्याकडे संगोपनाचे सोळा-अठरा दिवस आणि कोष बांधण्याचे पाच-सहा दिवस राहतात. पाला, खाद्य देणे, बेड साफ करणे, चंद्रिका (अळ्या कोष बांधतात ती जाळी) टाकणे, कोष काढणे आणि मधल्या काळातली छाटणी-खुरपणी धरून एका बॅचला सुमारे सत्तर मनुष्यदिवस लागतात. पाच बॅचेसचे साडेतीनशे. वर दाखवलेल्या एक हेक्टर सोयाबीन-तुरीच्या चौपट-पाचपट काम, तेही एका एकरात, आणि वर्षभर वाटलेले.

पण या सत्तर दिवसांची वाटणी सारखी नाही, आणि योजना इथेच फसतात. अळी आयुष्यभरात जेवढा पाला खाते, त्यातला ८० ते ८५ टक्के शेवटच्या, म्हणजे पाचव्या अवस्थेत खाते. २०० अंडीपुंजांना एकूण दोन ते अडीच टन पाला लागतो, त्यातला जवळजवळ दोन टन शेवटच्या सात दिवसांत. दिवसाला तीनशे किलोच्या आसपास पाला, फांद्यांचे वजन वेगळे, पहाटे आणि संध्याकाळी कापून शेडपर्यंत आणायचा. नवरा-बायकोला हे झेपत नाही, चार माणसे लागतात. गावातल्या सगळ्यांनी एकाच तारखेला अंडीपुंज उचलले की तो आठवडा सगळ्यांचा एकच येतो आणि मजुरांची पुन्हा ऑक्टोबरसारखी ओढाताण होते. चॉकी केंद्राने आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन गटांत वाटप केले, तर तीच दोन जादा माणसे तिन्ही गटांत फिरतात आणि त्यांना महिन्यातले वीस-एकवीस दिवस सलग काम मिळते. याला एक रुपया खर्च नाही. फक्त वाटपाची तारीख ठरवणाऱ्याने गावातल्या कामाच्या तारखांचा कागद समोर ठेवायला हवा.

तुतीत बिघडते ते नेमके कुठे, हेही सांगतो. लागवड मंजूर होते, शेडचा हप्ता वर्षभर रखडतो, आणि पाला तयार असताना अळ्या ठेवायला जागा नसते; शेतकरी वैतागून तुती उपटतो. शेड होते, पण छत नुसत्या पत्र्याचे. मोठ्या अळीला २४ ते २६ अंश तापमान आणि ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. एप्रिलमध्ये पत्र्याखाली चाळीसच्या वर जाते. पत्र्यावर पाचटाचा जाड थर, वर पाणी शिंपडायला पाइप, चहूबाजूंनी ओली पोती आणि वाऱ्याला आडव्या खिडक्या, एवढे अंदाजपत्रकात धरले नाही तर उन्हाळी बॅच हातची जाते. शेडची जाळी तोकडी पडली की अळीवर अंडी घालून तिला मारणारी उझी माशी शिरते. दोन बॅचेसच्या मधले निर्जंतुकीकरण हा सर्वात जास्त टाळला जाणारा भाग. २ टक्के ब्लीचिंग पावडर ०.३ टक्के विरलेल्या चुन्याच्या पाण्यात मिसळून भिंती, रॅक, जमीन, चंद्रिका सगळे भिजेपर्यंत फवारायचे असते. पोते उघडे राहिले की पावडरमधला क्लोरीन उडून जातो, फवारणी नावाला होते आणि पुढच्या बॅचला ग्रासरी हा विषाणूजन्य रोग येतो.

शेजारच्या फवारणीचा धोका मात्र नियोजनाच्या पातळीवरच सोडवावा लागतो. कापूस किंवा सोयाबीनवर मारलेल्या क्लोरँट्रानिलिप्रोल या कीटकनाशकाचा वाऱ्याने आलेला अंशसुद्धा रेशीम अळी मारतो. पाला हिरवागार दिसतो, अळ्या खातात आणि दुसऱ्या दिवशी वाकड्या होतात. म्हणून विखुरलेल्या दहा गावांत एकेक एकर देण्यापेक्षा एका शिवारात लागून दहा-पंधरा एकर तुती द्यावी. चॉकी केंद्रालाही तेव्हाच परवडते आणि कोषांची गाडी भरते. कोष काढल्यावर आठवड्याच्या आत विकावे लागतात, नाहीतर आतला पतंग कोष फोडून बाहेर येतो आणि धागा तुटतो. पूर्वी कोष कर्नाटकात रामनगरपर्यंत न्यावे लागत. २०१८ मध्ये जालन्यात बाजारपेठ सुरू झाल्यावर मराठवाड्यातली ही अडचण बरीच हलकी झाली.

पाणी नाही तिथे तुती नको. तिथे तुरीकडे बघा.

डिसेंबर-जानेवारीत घरात आलेली तूर आठ दिवसांत व्यापाऱ्याकडे जाते आणि डाळ होऊन गावच्या दुकानात परत येते. मधले सगळे काम बाहेर होते, आणि ते काम नेमके जानेवारी ते मेचे आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल वर्षानुवर्षे उपलब्ध आहे, जिल्ह्या-जिल्ह्यांत वाटलीही गेली आहे. त्यातल्या किती चालू आहेत, हे आपण एकदा मोजून घ्यावे. बंद पडण्याचे कारण बहुतेक ठिकाणी यंत्रात नसते, माल वाळवायचा ओटा अपुरा असणे हे असते.

समजा गावात तीनशे एकरांवर तूर आहे आणि एकरी चार क्विंटल उतरते. बाराशे क्विंटल. मिल तासाला एक क्विंटल धरली तर दिवसाला आठ, म्हणजे दीडशे दिवसांचे काम. आता प्रक्रिया पाहा. आधी चाळणीने सफाई आणि दाण्याच्या आकाराप्रमाणे प्रतवारी. मग एमरी रोलमधून (खरखरीत दगडी रुळातून) पहिला हात, ज्याने सालीला फक्त ओरखडे पडतात. त्यावर क्विंटलला तीनशे ते पाचशे ग्रॅम खाद्यतेल चोळून रात्रभर ढीग झाकून ठेवायचा. दुसऱ्या दिवसापासून दोन-तीन दिवस ऊन. मग पाणी शिंपडून पुन्हा ढीग, पुन्हा ऊन, आणि ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आला की शेवटचा हात. रोज आठ क्विंटल तूर मिलवर आली आणि प्रत्येक घाणा तीन दिवस उन्हात राहिला, तर कोणत्याही क्षणी चोवीस क्विंटल माल ओट्यावर असतो. दोन सेंटिमीटर जाडीचा थर दिला तर एका चौरस मीटरवर सोळा किलो बसते, म्हणजे दीडशे चौरस मीटर, सुमारे सोळाशे चौरस फूट. फिरायला वाट आणि दुसऱ्या उन्हाचा माल धरला की दोन हजारांच्या खाली भागत नाही. प्रस्तावात मात्र पंधरा बाय वीसची खोली आणि यंत्र असते. तीनशे चौरस फूट! मग माल रस्त्यावर वाळतो किंवा अर्धवट वाळलेलाच रोलमध्ये जातो. साल सुटत नाही म्हणून चालवणारा रोल आवळतो आणि डाळीचा चुरा होतो.

नीट वाळवलेल्या आणि प्रतवारी केलेल्या तुरीचा उतारा छोट्या मिलवर ७० ते ७५ टक्के पडतो. वरची साल-चुणी जनावरांना जाते. प्रतवारी टाळली की बारीक दाणा सालीसकट तसाच बाहेर पडतो, तो परत टाकावा लागतो, वीज आणि वेळ दुप्पट. यंत्रावर दोन, ओट्यावर तीन-चार, निवडणे आणि भरणे यांना दोन, अशी सात माणसे दीडशे दिवस, म्हणजे हजाराहून थोडे जास्त मनुष्यदिवस. बचत गटाने हे काम "तुमची तूर, आमची मजुरी" या पद्धतीने, म्हणजे शेतकऱ्याची तूर भरडून देण्यापासून सुरू करावे. पहिल्याच वर्षी स्वतः तूर विकत घेऊन साठवायला गेलेले गट खेळत्या भांडवलात अडकतात, आणि मार्चमध्ये साठ्याला भुंगा लागला की बसतातच. आणखी एक : थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीत असेल तर ऊन आणि यंत्र यांची गाठ पडत नाही. मिलच्या मंजुरीसोबत दिवसाच्या विजेची हमी लेखी घ्या. ती मिळत नसेल तर मिल त्या गावाला देऊ नका.

शेततळ्याबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. तीस बाय तीस बाय तीन मीटरच्या तळ्यात, तिरक्या बाजू धरता, साधारण २२ लाख लिटर पाणी मावते. ते मेपर्यंत जपून ठेवायचे म्हटले तर उन्हाळ्यात दिवसाला दहा मिलिमीटर बाष्पीभवन धरून नऊशे चौरस मीटरवरून रोज नऊ हजार लिटर उडते, महिन्याला पावणेतीन लाख. पाझर वेगळाच. तेच पाणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हरभऱ्याला दिले, एक पाणी फांद्या फुटताना आणि एक घाटे भरताना, तर गळती वजा जाता तीन-साडेतीन एकर भिजते. एका पाळीला एकरी दोन लाख लिटर, म्हणजे ५० मिलिमीटर, असा हा हिशेब आहे. यातून हिवाळ्यात पंचेचाळीस-पन्नास मनुष्यदिवस नवे तयार होतात. त्यातले वीस गुंठे ठिबकवर भाजीला ठेवले तर आकडा आणखी वर जातो, मात्र सगळ्या गावाने टोमॅटोच लावू नयेत. विहिरीचे पाणी उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात भरणे हा प्रकार रोजगाराच्या नावाखाली मंजूर करू नका. त्यात एकाच्या बागेला पाणी मिळते आणि शेजारच्या चार विहिरी फेब्रुवारीत तळ गाठतात.

भूमिहीनांसाठी शेळीगट चांगला आहे, एवढेच की जनावरे जून-जुलैत वाटू नयेत. प्रवासाने थकलेली, नव्या चाऱ्याची, पावसात भिजलेली शेळी आंत्रविषार आणि पीपीआर या रोगांना पहिली बळी पडते. लसीकरण पावसाळ्यापूर्वी, वाटप हिवाळ्यात, आणि शेळ्या शक्यतो उस्मानाबादीच, याच हवेतल्या.

अवजारांच्या अनुदानात एक भेद करावा अशी विनंती आहे. दातेरी वैभव विळा, सायकल कोळपे, रुंद वरंबा सरीचे पेरणी यंत्र, गटाचे मळणी यंत्र यांनी पाठ आणि गुडघे वाचतात, मजुरी जात नाही. मोठ्या हार्वेस्टरने ऑक्टोबरची अडचण पाच दिवसांत सुटते, पण गावातल्या साठ-सत्तर बायकांची वर्षातली सर्वात मोठी कमाई त्याच पाच दिवसांत जाते. बंदी घाला असे आम्ही म्हणत नाही. त्याच गावात हिवाळ्याचे काय काम उभे करणार, ते लिहिल्याशिवाय अनुदान देऊ नका, एवढेच.

आता तारखांचे. ऊसतोडीला जाणारे जोडपे, ज्याला फडाच्या भाषेत कोयता म्हणतात, दिवाळीच्या आगेमागे गाव सोडते. पण त्याचा निर्णय दिवाळीला होत नाही. तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होतो, जेव्हा फवारणीला, दवाखान्याला, शाळेला पैसा लागतो आणि मुकादम उचल (तोडणीच्या मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन दारात येतो. एकदा उचल घेतली की गावात कितीही काम निघो, ते माणूस बांधलेले. आपली कामे मात्र प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निधी वितरण अशी वळणे घेत मार्चअखेर मंजूर होतात आणि मेमध्ये सुरू होतात. तोपर्यंत कोयता गावी परतलेला असतो, नांगरट चाललेली असते आणि पंधरा दिवसांत पाऊस येतो.

म्हणून मागणी नेमकी एवढी आहे. नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत गावात कोणते काम, किती माणसांना, कोणत्या दराने आणि मजुरी किती दिवसांत खात्यावर जमा होईल, याची यादी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी. त्यासाठी तुतीची कटिंग्ज, शेडचा पहिला हप्ता, ओट्याचे अंदाजपत्रक आणि शेततळ्याची आखणी यांना जूनअखेर मान्यता हवी. ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या तक्त्यात "अपेक्षित मनुष्यदिवस" असा एकच रकाना न ठेवता बारा महिन्यांचे बारा रकाने करावेत. ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीच्या ग्रामसेवकाने) कार्यालयात बसून भरू नयेत. खुरपणी करणाऱ्या, ओट्यावर काम करणाऱ्या आणि फडात जाणाऱ्या बायकांना विचारून भरावेत, कारण कोणत्या आठवड्यात हात रिकामा असतो हे त्यांना तोंडपाठ असते. यंदा निदान प्रत्येक तालुक्यातल्या पाच गावांत हा तक्ता करून पाहावा. आणि ज्या गावातून सर्वाधिक कोयते जातात, ते गाव या पाचांत पहिले असावे.

कळावे,

कोरडवाहू भागात शेती, प्रक्रिया आणि रोजगार हमीच्या कामांत असलेले आम्ही कार्यकर्ते